मल्टिकलर लेबल प्रेसला द्यायच्या आधी फाईल कशी तयार करायची, एकेक प्लेट बघून

आपल्या खान्देशात आता गावोगावी काही ना काही पॅक होतंय, रावेर-सावद्याकडे केळीचे वेफर्स, जळगावात डाळी, नंदुरबारची मिरची, काळा मसाला, नागलीचे पापड, बिबडे, आणि बचत गटांचं तर विचारूच नका. माल एक नंबर राहतो पण पाकिटावरचं लेबल बघितलं की जीव हळहळतो. मोबाईलवर पिवळंधमक दिसणारं केळं छापून आलं की हिरवट, लाल मिरची विटकरी, आणि एवढ्या हौसेने ठेवलेलं नाव, त्यातले अनुस्वारच गायब. मग सगळा राग प्रेसवाल्यावर निघतो. बऱ्याचदा त्याची चूक नसतेच, फाईलच तशी गेलेली असते. म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतोय, कोरलवर (कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर) बसणाऱ्या पोरांसाठी पण आणि स्वतःचं लेबल करून घेणाऱ्या ताई-भाऊंसाठी पण.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुम्ही स्क्रीनवर एक चित्र बघता, मशीनवर चढतात त्या प्लेटा. फोर कलर कामात सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक अशा चार प्लेटा राहतात, एका प्लेटवर एकच शाई, कागद चारही शायांखालून जातो आणि बारीक ठिपके शेजारी-शेजारी, एकमेकांवर बसून आपल्या डोळ्याला फोटो दिसतो. लेबलवर जे काही ठेवाल, रंग, अक्षर, रेघ, बारकोड, प्रत्येकाला विचारायचं की बाबा तू कोणत्या प्लेटवर जाणार आणि किती प्लेटांवर जाणार. ही सवय लागली की निम्म्याहून जास्त भानगडी फाईलमध्येच मिटतात, आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं फिरून फिरून याच प्रश्नावर येतं.

आधी प्रेसला फोन, मग कोरल उघडा

डिझाईन झाल्यावर प्रेस शोधायची ही उलटी पद्धत आहे. शे-दोनशे किंवा हजारभर लेबलं पाहिजे असतील तर डिजिटल बरं, प्लेटचा खर्च नाही, १२ बाय १८ किंवा १३ बाय १९ इंची शीटवर निघतं, हाफ कट (स्टिकर कापलेलं, मागचा कागद अखंड) करून मिळतं. नग वाढले की ऑफसेट परवडतं कारण प्लेटचा खर्च सगळ्या नगांत वाटला जातो. रोलमध्ये लेबल पाहिजे, मशीनने बाटलीवर चिकटवायचं, तर फ्लेक्सो, म्हणजे लवचिक प्लेटने रोलवर होणारी छपाई. आणि पाकीटच छापील पाहिजे, वेफर्सचं असतं तसं, तर ते रोटोग्रॅव्ह्युअरचं काम, तिथे प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनतो, सिलिंडर महाग, म्हणून ते लोक कमीत कमी ऑर्डरच मोठी मागतात. नवीन धंदा असेल तर माझं स्पष्ट मत, साधं पाऊच आणि त्यावर चांगलं स्टिकर, छापील पाऊचच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नका. एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या लायसन्सचा) नंबर बदलला, पत्ता बदलला, वजन बदललं की सिलिंडर वाया.

फोनवर काय विचारायचं, तर कोणत्या पद्धतीने छापणार, कागद कोणता (क्रोमो म्हणजे चकचकीत कागदी स्टिकर, की पीपी म्हणजे प्लास्टिकचं), ब्लीड (कटिंगबाहेर सोडायची जागा) किती, फाईल कोणत्या फॉरमॅटमध्ये, कलर प्रोफाईल (त्या मशीन-कागदावर रंग कसा उतरतो याची सेटिंग) कोणतं, लॅमिनेशन ग्लॉस की मॅट, आणि डाय (लेबल कापायचा साचा) त्यांच्याकडे तयार आहे का नवीन बनवावी लागेल. त्यांच्याकडच्या तयार डायमध्ये तुमचं माप बसत असेल तर पैसे वाचतात, दोन-तीन मिलीमीटर इकडे-तिकडे करून बऱ्याचदा बसतं.

कागदाचं म्हणाल तर तेलकट माल, म्हणजे लोणचं, वेफर्स, शेंगदाण्याची चटणी, तिथे कागदी स्टिकर घेऊच नका, तेल लागलं की डाग पसरतो आणि शाईपण मळकट दिसते, पीपी घ्या. आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका, मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, तिथे स्टिकरचे गठ्ठे ठेवले की कडेने गोंद बाहेर येतो आणि शीटा एकमेकींना चिकटतात. प्रेसवाल्याला आधीच सांगा की माल उन्हाळ्यात पण विकायचा आहे, गोंद त्या हिशोबाचा द्या. दुकानाबाहेर उन्हात लटकणारी पाकिटं कधी नीट बघा, काही महिन्यांत निळसर पडलेली दिसतील, कारण पिवळी आणि मॅजेंटा शाई उन्हात आधी उडते, सायन आणि काळी मागे राहते. तुमचं पाकीट लटकणारच असेल तर उन्हात टिकणाऱ्या शाईचं आधीच विचारून घ्या.

माप

बरणीचं माप कॅटलॉगवरून घेऊ नका. हातात बरणी घ्या, कागदाची पट्टी गुंडाळा, जिथे टोक टेकतं तिथे खूण करा, पट्टी सरळ करून मोजा. पूर्ण गोल फिरणारं लेबल असेल तर एकावर एक चढायला ५-६ मिलीमीटर जास्तीचे ठेवा आणि त्या चढणाऱ्या पट्टीत काहीच लिहू नका. बरणी खाली निमुळती असेल तर चौकोनी लेबल तिच्यावर सरळ बसणारच नाही, एका कोपऱ्याला वर चढेल किंवा सुरकुती पडेल, अशा वेळी लेबलची उंची कमी करा किंवा वक्र आकाराची डाय बनवून घ्या. ज्या बरणीत माल भरणार तीच बरणी घ्या, नुसतं २०० ग्रॅमची बरणी म्हटलं तर चार दुकानदार चार मापाच्या देतील.

फाईल एकास एक मापात बनवायची. चारही बाजूंनी ३ मिलीमीटर ब्लीड, म्हणजे बॅकग्राउंडचा रंग, फोटो कटिंगच्या रेषेच्या बाहेरपर्यंत न्यायचा, कारण कटिंग अर्धा-एक मिलीमीटर इकडे-तिकडे होतंच आणि ब्लीड नसेल तर कडेला पांढरी रेघ दिसते. तेवढंच आत पण सोडायचं, कटिंगपासून ३ मिलीमीटर आत कुठलंही अक्षर नको. कडेला बारीक बॉर्डर देण्याचा मोह होतो, टाळा. एका बाजूला बॉर्डर जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ अशी लेबलं बाजारात ढिगाने दिसतील, ती सगळी कटिंग किंचित सरकल्याची. कोपरे थोडे गोल घ्या, २-३ मिलीमीटरचा गोलावा पुरतो, टोकदार कोपरा हाताळताना आधी उचकटतो.

डायची रेघ वेगळ्या लेयरवर, वेगळा स्पॉट कलर (चार शायांबाहेरचा, स्वतंत्र प्लेटचा रंग) बनवून, त्याला डाय असंच नाव देऊन ठेवा आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता वरून छापणं) लावा. तीच रेघ काळ्या रंगात काढून ठेवली तर ती ब्लॅक प्लेटवर जाते आणि लेबलवर छापून येते.

कोरलमध्ये अजून एक, डिझाईन लहान-मोठं केलं की आउटलाइन तेवढीच राहते, जोपर्यंत तुम्ही स्केल विथ ऑब्जेक्ट लावत नाही. ए फोरवर बनवलेला लोगो लेबलवर छोटा केला की रेघा एकदम जाड दिसतात ते यामुळेच. आउटलाइनचं ऑब्जेक्ट करून टाका, झंझट नको. आणि पाव पॉइंटपेक्षा बारीक रेघ देऊ नका, हेअरलाइन तर नकोच, स्क्रीनवर दिसते आणि छापताना तुटते.

रंग, म्हणजे शाईचे टक्के

स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, लाल-हिरवा-निळा, म्हणजे आरजीबी. कागदावर शाई. स्क्रीनवरचा चकचकीत पोपटी, भगभगीत नारिंगी, निऑन गुलाबी हे चार शायांनी होतच नाहीत, कितीही पैसे द्या. म्हणून पहिल्या मिनिटापासून डॉक्युमेंट सीएमवायकेमध्ये (सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चार शायांच्या रंगांत) ठेवा, शेवटी बदलू म्हणाल तर रंग उतरलेला बघून गिऱ्हाईक नाराज होईल आणि तेव्हा सांगायला तोंड राहत नाही.

केळीचा पिवळा घ्या. यलो १००, मॅजेंटा १० ते १५, सायन शून्य, ब्लॅक शून्य, बस. सायन चुकून ५ टक्के जरी राहिला तरी पिवळा मळतो, हिरवट दिसतो, आणि खाणारा म्हणतो की कच्च्या केळीचा फोटो लावला की काय. मोबाईलने काढलेला फोटो सीएमवायकेमध्ये बदलला की त्या पिवळ्यात सायन आपोआप शिरतो, तो फोटोशॉपमध्ये त्या भागातून काढावा लागतो. पूर्ण काढू नका हं, केळीच्या सावलीत आणि देठाला थोडा सायन लागतोच, नाहीतर केळं सपाट दिसतं. हळदीचा पिवळा यलो १०० आणि मॅजेंटा २०-२५, भगवा करायचा तर मॅजेंटा ६० पर्यंत न्या. मिरचीचा लाल मॅजेंटा १००, यलो १००. निळा करताना सायन १०० आणि मॅजेंटा पण १०० दिला तर जांभळा येतो, मॅजेंटा ७० च्या खाली ठेवा म्हणजे निळा निळा राहतो.

काळ्या मसाल्याचा गडद तपकिरी सगळ्यात अवघड. सायन ५०, मॅजेंटा ७५, यलो १००, ब्लॅक ५०, बेरीज करा, २७५. ही बेरीज महत्त्वाची आहे, चारही शायांचे टक्के मिळून कोटेड कागदावर साधारण ३०० च्या वर जाऊ देऊ नका. वर गेलं की शाई वाळत नाही, वरच्या शीटच्या पाठीला लागते, कडा चिकट राहतात. गडद फोटोमध्ये हा आकडा न कळत वर जातो, बरणीच्या सावल्या, कढईतलं भरीत, असल्या ठिकाणी. प्रेसने सांगितलेल्या प्रोफाईलने फोटो कन्व्हर्ट केला तर तो आवाक्यात राहतो.

टिंट (रंगाची हलकी छटा) देताना लक्षात ठेवा की ठिपका कागदावर दाबला की पसरतो, फाईलमधला ५० टक्क्यांचा रंग छापून ६५ च्या आसपास दिसतो. म्हणून हलकी शेड मागायची तर स्क्रीनवर थोडी जास्तच हलकी वाटेल एवढी ठेवा. फ्लेक्सोवर एकदम पांढऱ्यापर्यंत जाणारं ग्रेडियंट देऊ नका, शेवटचे दोन-तीन टक्क्यांचे ठिपके नीट धरत नाहीत आणि तिथे एक कडक कड दिसते.

आता दोन रंग शेजारी-शेजारी येतात तेव्हा काय होतं बघा. लाल पट्टा आणि त्याला लागून हिरवा पट्टा. मशीनवर कागद केसभर सरकला की मधे पांढरी फट. प्रेसवाले ट्रॅपिंग देतात, म्हणजे एक रंग दुसऱ्यात ०.१ ते ०.२ मिलीमीटर घुसवतात, पण डिझाईन करतानाच हुशारी केली तर तीही गरज कमी होते. लालमध्ये पण यलो १०० आहे आणि हिरव्यात पण यलो १०० आहे, मग खालून यलोची एकच सलग पट्टी जाते, सरकलं तरी फटीतून पांढरा कागद न दिसता पिवळा दिसतो आणि डोळ्याला खुपत नाही. दोन शेजारी रंगांमध्ये एक शाई सामाईक ठेवा, एवढंच. ज्यांना हे जमलं त्यांची लेबलं जुन्या मशीनवर पण सुबक निघतात.

काळा रंग चार प्रकारचा राहतो

लहान अक्षरांसाठी नुसता ब्लॅक १००, बाकी तिन्ही शून्य, आणि त्याला ओव्हरप्रिंट. म्हणजे पिवळ्या पट्ट्यावर काळं अक्षर असेल तर खालचा पिवळा कापला जात नाही, अक्षर वरूनच छापलं जातं, सरकलं तरी पांढरी कड येत नाही.

मोठा काळा पट्टा असेल तर नुसता ब्लॅक १०० करडा आणि कोरडा दिसतो, तिथे रिच ब्लॅक, सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४०, ब्लॅक १००. पण याच रिच ब्लॅकमध्ये सहा पॉइंटचं अक्षर टाकलं तर चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसायला पाहिजे, ते होत नाही आणि अक्षराभोवती लाल-निळी कड दिसते. तिसरा काळा आरजीबीमधून आलेला, वर्डमधून कॉपी केला की येतो, तो चारही प्लेटांवर पसरतो. न्यूट्रिशनचा तक्ता वर्डमधून उचलून कोरलमध्ये चिकटवला की हमखास हेच होतं, तक्त्याचा रंग हाताने ब्लॅक १०० करा. चौथा रजिस्ट्रेशन नावाचा, पॅलेटमध्ये दिसतो, चारही शाया शंभर-शंभर, बेरीज ४००. तो फक्त क्रॉप मार्कसाठी (कापायच्या खुणांसाठी), डिझाईनमध्ये त्याला हात लावू नका.

आणि पांढऱ्या अक्षराला ओव्हरप्रिंट कधीच नको. पांढरी शाई नाहीच, पांढरं म्हणजे बाकी प्लेटांमध्ये पाडलेलं भोक, ओव्हरप्रिंट लावलं की भोक पडत नाही आणि अक्षर गायब. काळ्या अक्षराचा रंग बदलून पांढरा केला की जुनं ओव्हरप्रिंट तसंच राहतं, स्क्रीनवर सगळं छान दिसतं, छापल्यावर ब्रँडचं नावच नाही.

पारदर्शक स्टिकर किंवा चंदेरी कागद असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खरी पांढरी शाई लागते, ती पाचवी प्लेट. नाहीतर पारदर्शकवर सगळे रंग मेल्यासारखे दिसतात, मागचा मसालाच आरपार दिसतो. जिथे-जिथे रंग घट्ट पाहिजे तिथे खाली पांढरा, आणि तो पांढरा भाग कडेने थोडासा आत घ्यायचा म्हणजे बाहेर डोकावत नाही. हा पण स्पॉट कलर, वेगळं नाव देऊन, वेगळ्या लेयरवर.

मराठी अक्षरं

आपल्या लिपीला छपाईत खरा धोका बारक्या गोष्टींचा आहे. मसाल्याच्या एखाद्या लेबलवर गडद तपकिरी पट्ट्यात पांढऱ्या अक्षरात घटक पदार्थ लिहिलेले असतील तर भिंग घेऊन बघा. अक्षराच्या एका कडेला मॅजेंटाची कोर, दुसऱ्या कडेला सायनची, मधला पांढरा भाग अर्धाच उरलेला. उभ्या काठीला तेवढं चालून जातं, पण अनुस्वाराचं टिंब मुळात सुईच्या टोकाएवढं, ते पूर्ण बुजतं. रफार अर्धा बुजतो, ‘ष’ आणि ‘प’ एकसारखे दिसतात, ‘ध’ची गाठ भरते. लवंग लवग होते, हिंग हिग होतो. म्हणून बारीक मजकूर गडद चार रंगी पट्ट्यात पांढरा ठेवू नका, हलक्या बॅकग्राउंडवर ब्लॅक १०० मध्ये ठेवा, म्हणजे एकाच प्लेटचं काम. पांढरा ठेवायचाच असेल तर आठ पॉइंटच्या खाली नको आणि फॉन्ट जाड, बारीक-जाड वळणं असलेला कलमी फॉन्ट तर नकोच.

फाईल पाठवायच्या आधी सगळा मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका, कोरलमध्ये कंट्रोल क्यू. श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट प्रेसच्या कॉम्प्युटरवर नसले की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा उघडतो. युनिकोड फॉन्ट जुन्या कोरलमध्ये टाकला की जोडाक्षरं सुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. म्हणून कर्व्ह केल्यावर परत एकदा वाचा, मोठ्याने वाचा, आणि ‘श्र’, ‘ऱ्य’, ‘र्क’, ‘ट्र’ असले शब्द मुद्दाम तपासा. कर्व्ह न केलेली फाईल वेगळ्या नावाने जपून ठेवा, एमआरपी आज ना उद्या बदलणारच आहे.

फोटो

ऑफसेटची स्क्रीन चांगल्या कागदावर साधारण १५० ते १७५ लाइनची (एका इंचात ठिपक्यांच्या तेवढ्या रांगा) राहते आणि फोटोला त्याच्या दुप्पट पिक्सेल लागतात, म्हणून ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल म्हणतात. हिशोब सोपा आहे, लेबलवर फोटो ६० मिलीमीटर रुंद असेल तर साधारण ७१० पिक्सेल रुंद पाहिजे. छोट्या फोटोचा डीपीआय नुसता आकडा बदलून ३०० केला तर काहीच होत नाही, पिक्सेल तेवढेच राहतात.

फोटो व्हॉट्सअपवर मागवू नका, मागवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, साधा पाठवला की तो दाबला जातो. नेटवरून उचललेला भरिताचा फोटो तर बिलकुल नको, तो दुसऱ्याच्या मालकीचा राहतो आणि दिसतो पण दुसऱ्याच कोणाच्या वांग्याचा. आपल्या हिरव्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, जळगावच्या केळीला पण त्याच वर्षी, एवढा माल दारात पिकत असताना सकाळच्या उजेडात, सावलीत, पांढऱ्या कापडावर ठेवून स्वतः फोटो काढा.

कोरलचे ड्रॉप शॅडो, ट्रान्सपरन्सी हे इफेक्ट शेवटी ३०० डीपीआय सीएमवायके बिटमॅप (पिक्सेलचं चित्र) करून टाका. तसेच सोडले तर कधीकधी सावलीच्या जागी पांढरा किंवा गडद चौकोन छापून येतो. इफेक्टवर अक्षर असेल तर ते बिटमॅपमध्ये जाऊ देऊ नका, वर वेगळं ठेवा.

सक्तीचा मजकूर कोणत्या प्लेटवर

खाण्याच्या मालाला काय-काय लिहायचं ते नियमात ठरलेलं आहे, एफएसएसएआयचे लेबलिंगचे २०२० चे नियम आणि लीगल मेट्रॉलॉजीचे (वजन-मापांचे) २०११ चे पॅकेज्ड कमोडिटीज नियम, हे दोन्ही बघा आणि आपल्या मालाला काय लागू आहे ते लायसन्स करून देणाऱ्याकडून लिहून घ्या. डिझाईनवाल्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीत हिंदीत पाहिजे, मराठी त्याच्या जोडीला चालते, नुसतं मराठी लेबल पुरत नाही. एफएसएसएआयचा नंबर १४ आकडी, एकेक आकडा कागदाशी ताडून बघा. वजनाला इंग्रजीत नुसतं ‘जी’ लिहायचं, पुढे ‘एम’ आणि ‘एस’ जोडू नका.

व्हेजची खूण म्हणजे हिरव्या कडेच्या चौकोनात हिरवा भरीव गोल, लेबलचा मुख्य भाग १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर गोलाचा व्यास कमीत कमी ३ मिलीमीटर आणि चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट. पुढे १०० ते ५०० ला ४ मिलीमीटर. आता इथे प्लेटचा विचार कामाला येतो. खर्च वाचवायला बरेच लोक दोन रंगी लेबल करतात, लाल आणि काळा. छान दिसतं, पण मग हिरवा कुठून आणणार? लाल-काळ्यातून हिरवा निघत नाही, शेवटी एका टिंबासाठी तिसरी प्लेट घालावी लागते. दोन रंगीच करायचं तर हिरवा आणि काळा घ्या, पापडाच्या, डाळीच्या लेबलला हिरवा शोभतो पण.

बारकोडला पण हाच प्रश्न विचारा. काड्या फक्त ब्लॅक प्लेटवर, खाली पांढरं. लाल काड्या कधीच नको, स्कॅनर लाल प्रकाशाने वाचतो, त्याला लाल काडी पांढरीच वाटते. पूर्ण मापाचा ईएएन-१३ (दुकानातला नेहमीचा १३ आकडी बारकोड) मोकळ्या जागेसकट साधारण ३७ बाय २६ मिलीमीटरचा, ८० टक्क्यांपर्यंत छोटा करता येतो, त्याखाली नको. डावी-उजवीकडची पांढरी जागा खाऊ नका, डावीकडे साडेतीन मिलीमीटरच्या वर लागते. छोट्या गोल बाटलीवर बारकोड आडवा करा, काड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक, म्हणजे गोलाईत काड्या वाकून लपत नाहीत.

बॅच नंबर, तारीख, एमआरपी यांच्यासाठी रिकामी जागा सोडा आणि तिथे लॅमिनेशन किंवा व्हार्निश नको असं प्रेसला लिहून द्या. ग्लॉस लॅमिनेशनवर शिक्का मारला की शाई वाळत नाही, बोट लागलं की पुसते.

एकाच लेबलचे चार प्रकार

हे मला सगळ्यात आवडतं आणि फार कमी लोक करतात. समजा तुमचे पापड चार प्रकारचे, नागली, ज्वारी, तांदूळ, उडीद. चार वेगळी डिझाईनं केली तर सोळा प्लेटा. त्याऐवजी फोटो, पट्टे, लोगो सगळं सायन-मॅजेंटा-यलोमध्ये सामाईक ठेवा, आणि प्रकाराचं नाव, घटक, वजन, बारकोड एवढंच ब्लॅक प्लेटवर. मग तीन रंगांच्या तीन प्लेटा एकदाच, आणि ब्लॅकच्या चार, एकूण सात. तीन रंग छापलेली शीटं एकदम काढून ठेवता येतात आणि लागेल तसा ब्लॅक मारता येतो. अट एकच, सामाईक फोटोत ब्लॅक शाई नको, म्हणजे फोटो तीन शायांतच बनवावा लागतो आणि गडद सावल्या थोड्या हलक्या पडतात. पापडाच्या फोटोला ते चालतं, काळ्या मसाल्याला नाही चालणार. आणि बदलणारा मजकूर जिथे आहे तिथे खाली पांढरं किंवा फिकट ठेवा.

पीडीएफ, आणि प्रत्येक प्लेट उघडून बघणं

पीडीएफ/एक्स-१ए प्रीसेटने काढा, त्यात आरजीबी राहत नाही आणि ट्रान्सपरन्सी सपाट होते. ब्लीड आणि क्रॉप मार्क चालू ठेवा. काढायच्या आधी कोरलच्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बघा, कुठे आरजीबी फिल राहिलाय का, फॉन्ट राहिलाय का, ते सगळं तिथे दिसतं.

मग ती पीडीएफ ॲक्रोबॅट प्रोमध्ये उघडा, फुकटच्या रीडरमध्ये हे नाही, आणि आउटपुट प्रिव्ह्यू लावा. चार शायांची नावं दिसतील, समोर टिकमार्क. आता एकेक बंद-चालू करा. नुसता ब्लॅक ठेवा, सगळा बारीक मजकूर, बारकोड, तक्ता इथे पूर्ण दिसला पाहिजे. आता ब्लॅक बंद करा, बाकी तिघींमध्ये त्या मजकुराची सावली पण दिसायला नको, दिसली तर तो शब्द चार रंगी काळ्यात आहे. नुसता सायन ठेवा आणि केळीवर बघा, पिवळ्या भागात करडी छटा दिसतेय का. नुसता यलो ठेवा, लाल-हिरव्याच्या खालून सलग गेलाय का. डायची रेघ आणि पांढरा, असतील तर, वेगळ्या नावाने खाली दिसले पाहिजेत, आणि चारच रंगांचं काम असताना यादीत पाचवं कुठलं नाव दिसलं तर तो कुठूनतरी घुसलेला पँटोन (तयार स्पॉट शाईचा रंग) आहे, त्याला शोधून सीएमवायके करा, नाहीतर प्रेसवर पाचवी प्लेट निघते. टोटल एरिया कव्हरेज ३०० वर लावा, जिथे शाई जास्त तो भाग रंगवून दाखवतो. ॲक्रोबॅट नसेल तर कोरलच्याच प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये सेपरेशन चालू करून एकेक प्लेट बघता येते.

उलटं करून पाठवू नका. पारदर्शक पाऊचला आतून छापतात तेव्हा मिरर लागतो, पण ते प्रेसवालाच करतो, तुम्ही पण केलं आणि त्यानेही केलं की परत सरळ.

प्रूफ

एकास एक मापात साधी प्रिंट काढा, कापा, खऱ्या बरणीला चिकटवा आणि हातभर लांबून बघा, मग मालकाला बघायला द्या. स्पेलिंग, नंबर, पत्ता त्यांच्याकडून वाचून घ्या आणि त्याच कागदावर सही घ्या. मोबाईलवर ‘ओके’ आला म्हणजे प्रूफ झालं असं धरू नका भो, मोबाईलवर कोणी चौदा आकडे मोजत नाही.

रंगाचं प्रूफ दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बघा, पिवळ्या बल्बखाली पिवळा रंग नेहमीच चांगला दिसतो. डिजिटल प्रूफ आणि ऑफसेटची छपाई यात थोडा फरक राहणारच, तो किती चालेल हे आधी बोलून घ्या. दुसऱ्यांच्या कामासोबत एकाच शीटवर टाकून छापणार असतील तर स्वस्त पडतं पण रंग शेजारच्या कामाच्या शाईप्रमाणे थोडा हलतो, ब्रँडचा रंग पक्का पाहिजे असेल तर तसं घेऊ नका. जमलं तर छापायच्या दिवशी प्रेसवर जा. सुरुवातीची शीटं सोडून रंग बसला की एक शीट मागा, भिंगाने क्रॉप मार्कजवळची रजिस्ट्रेशनची खूण बघा, चारही रंगांच्या रेघा एकीवर एक असल्या पाहिजेत, मग तुमचा पिवळा, तुमचा लाल बघा आणि मगच सही करा.

सही केलेल्या त्या शीटच्या दोन प्रती घ्या. एक प्रेसला, एक आपल्याकडे, कागदाच्या पाकिटात घालून कपाटात, उजेड लागणार नाही अशी. पाकिटावर तारीख, फाईलचं नाव, कागद, लॅमिनेशन आणि प्रेसने वापरलेलं प्रोफाईल लिहा. पुढच्या ऑर्डरला पीडीएफसोबत ही शीट पण पाठवा आणि रंग स्क्रीनवरून न जुळवता या शीटवरून जुळवायला सांगा.